दापोलीच्या फॉरेस्ट्री कॉलेजचा आपल्या डोंगरातल्या जमिनीला फायदा कसा करून घ्यायचा

दापोली म्हटलं की लोकांना कृषी विद्यापीठ आठवतं आणि विद्यापीठ म्हटलं की कलमं. रत्ना आंबा, वेंगुर्ल्याचे काजू, कोय कलम, देठासकट आंबा उतरवणारा नूतन झेला, ही सगळी त्यांचीच देणगी आणि त्याबद्दल वाद नाहीच. पण त्याच विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे, ज्याला सगळे फॉरेस्ट्री कॉलेज म्हणतात, आणि ते आपल्यासारख्या डोंगरात चार एकर वरकस, म्हणजे भात न होणारी उताराची जमीन, घेऊन बसलेल्या माणसाच्या कामाचं आहे हे मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं तिथे वनखात्यात जाणारी पोरं शिकतात, आपला काय संबंध.

संबंध आला तो ठेकेदारामुळे. आमचा वरचा डाग, म्हणजे जमिनीचा तुकडा, साडेचार एकर, वरती कातळ, खाली पर्या म्हणजे ओढा, मधे ऐन, किंजळ, थोडा खैर, आणि आजोबांनी राखलेले बारा-पंधरा साग. एका लाकडाच्या ठेकेदाराने येऊन सगळ्याचा उक्ता भाव केला, म्हणजे झाडं मोजायची नाहीत, डोळ्याने बघायचं आणि एक आकडा सांगायचा. आकडा ऐकायला मोठा होता, आम्ही हो म्हणायच्या बेतातच होतो. नेमकी त्याच आठवड्यात फॉरेस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाची पोरं वाडीत आलेली, त्यांना गावात राहून काम करायचा अभ्यासक्रम असतो. त्यातली एक मुलगी म्हणाली, काका विकताय तर आधी मोजून तरी घ्या. आणि ती खिशातनं शिवणकामाची टेप काढून किंजळाला मिठी मारल्यासारखी टेप गुंडाळायला लागली. आमचे शेजारचे तात्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसून बघत होते, ते म्हणाले, काय गो, झाडाला झंपर शिवतेस काय? सगळे हसले. पण दोन दिवसांनी वही पुरी झाली तेव्हा कळलं की ठेकेदार जो आकडा बोलला होता तो खऱ्या किमतीच्या निम्म्यालाही पोचत नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट तीच सांगतो, कारण ह्याला ना दापोलीला जावं लागतं ना पैसे लागतात. जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साधारण छातीच्या उंचीवर, खोडाचा घेर घ्यायचा. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूला उभं राहून घ्यायचा, खालच्या बाजूला राहिलात तर टेप चुकीच्या जागी लागते. उभ्या झाडाचा हा फक्त अंदाज, कारण खोड वर निमुळतं होत जातं. तोडलेल्या ओंडक्याचा घेर मात्र बरोबर मध्यावर घ्यायचा. घेराला चारने भागा, आलेला आकडा त्याच आकड्याने गुणा, मग लांबीने गुणा. समजा मधला घेर १२० सेंमी आणि ओंडका ४ मीटर, तर १.२० भागिले ४ म्हणजे ०.३०, ०.३० गुणिले ०.३० म्हणजे ०.०९, गुणिले ४ म्हणजे ०.३६ घनमीटर. घनफुटात पाहिजे तर ३५.३ ने गुणा, म्हणजे पावणेतेरा घनफुटाच्या जरा खाली. ह्या हिशोबात खरं लाकूड असतं त्यापेक्षा वीसेक टक्के कमीच धरलं जातं, ते कापणीतलं नुकसान म्हणून व्यापाऱ्याच्या बाजूचं असतं, पण बाजारात हाच हिशोब चालतो म्हणून तोच शिकायचा. ठेकेदार जर ह्याच्यावर आणखी "घट" मागायला लागला तर त्याला सांगा की घट सूत्रातच गेली.

आता हे कॉलेज आहे काय ते थोडक्यात. कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चं, पुढे त्याला डॉ. बाळासाहेब सावंतांचं नाव लागलं. वनशास्त्राची पदवी तिथे ऐंशीच्या दशकात सुरू झाली. त्याच काळात म्हणजे १९८२ ला राज्याने सामाजिक वनीकरण खातं वेगळं काढलं होतं आणि रस्त्याकडेला, गायरानात, जिकडे तिकडे ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि निलगिरी लागत होती. झाडं लावायला माणसं होती पण शेतकऱ्याच्या जमिनीत कुठलं झाड, किती अंतरावर, खाली काय पीक, हे सांगणारं कोणी नव्हतं. वनखातं सरकारी जंगल बघतं, कृषी खातं पीक बघतं, आणि कोकणातली बरीचशी झाडं तर लोकांच्या मालकीच्या डोंगरात, म्हणजे मधेच. त्या मधल्या जागेत हे कॉलेज काम करतं. राज्याला त्यांनी काय दिलं म्हणून विचाराल तर तिथून शिकून वनसेवेत गेलेली पोरं, एमपीएससी देऊन आरएफओ (वनक्षेत्रपाल), एसीएफ (सहायक वनसंरक्षक) झालेली, ते तर आहेच, पण मला विचाराल तर खरी देणगी रोपवाटिकेतल्या बारीक बारीक युक्त्या, त्या कधी पेपरात येत नाहीत.

तिथे जायचं कसं ते सांगतो. मुंबईहून येत असाल तर खेड स्टेशनला उतरा, तिथून दापोली तीसेक किलोमीटर, एसटी असते. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. "आमची जमीन आहे, काय लावू?" असा प्रश्न घेऊन गेलात तर जगातला कुठलाही प्रोफेसर तुम्हाला "बांबू लावा" म्हणूनच परत पाठवेल, दुसरं तो सांगणार तरी काय. सातबारा न्या, आणि न्यायच्या आधी स्वतः वाचा, विशेषतः इतर हक्कातला रकाना. कोकणात बऱ्याच सातबाऱ्यांवर १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याचा शेरा पडलेला असतो, किंवा नुसतं वन असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि आपल्याला ते झाड तोडायला गेल्यावरच कळतं. तसा शेरा असेल तर आधी तलाठी आणि वनखात्याकडे तो विषय काय आहे ते बघा, झाडं लावायचं नंतर. मग जमिनीची माती, दोन-तीन जागची, एक फूट खणून घेतलेली, वरची पालापाचोळ्याची नाही. कातळ किती खोलीवर लागतो ते पहारीने ठोकून बघून कागदावर लिहा. उतार कुठल्या दिशेला, पाणी कुठे साचतं, डिसेंबरनंतर पर्याला पाणी असतं का. आणि आत्ता डागात कुठली झाडं आहेत त्याची लिस्ट, गावातल्या नावाने लिहिली तरी चालेल, त्यांना कळतं. नाव माहीत नसेल तर पानाचा फोटो काढा, फोटो काढताना पान नुसतं नको, फांदीवर पानं समोरासमोर आहेत का एकाआड एक ते दिसलं पाहिजे, सालीचा एक वेगळा फोटो. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मोबाईलमध्ये सतरा फोटो आणि सगळे नुसते हिरवे हिरवे, दाखवताना मलाच लाज वाटली.

प्रश्न पण मोजून विचारा. "ऐनाच्या फुटव्यांतले किती ठेवू" असा प्रश्न विचारला की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो. ह्याचं उत्तर असं आहे की ऐन, किंजळ, साग तोडल्यावर बुंध्यातनं परत फुटतात, फक्त तोड जमिनीलगत, तिरकी आणि साफ पाहिजे म्हणजे बुंध्यावर पाणी साचत नाही, आणि साल फाटता कामा नये. वर्षा-दोन वर्षांनी एका बुंध्यावर दहा-पंधरा फुटवे दिसतात ते सगळे ठेवले तर सगळे काठ्याच राहतात. दोन-तीन जोमदार ठेवायचे, ते पण बुंध्याच्या बाहेरच्या बाजूचे, जमिनीजवळून आलेले, बाकीचे काढून टाकायचे. आपल्याकडे हे कोणी करत नाही, पंधरा वर्षांनी परत ठेकेदार येतो आणि परत सरपणाच्या भावात डोंगर जातो.

बांबूबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त फसवणूक पण तिथेच आहे आणि कामाचं पण तेच आहे. दक्षिण कोकणात आपला जो माणगा आहे, काटे नसलेला, बुडाशी जवळजवळ भरीव, सरळ, तो बांबूंमधला साधासुधा पण गुणी. आंबे उतरवायच्या झेल्याची काठी, होडीचा वासा, मांडव, फर्निचर, सगळीकडे चालतो. अडचण अशी की माणगा सहसा बी धरत नाही. म्हणून आपले लोक काय करायचे, बेटातला कंद काठीसकट खणून काढायचा आणि दुसरीकडे लावायचा. एक कंद काढायला दोन माणसं अर्धा दिवस, आणि मूळ बेटाची वाट लागते ती वेगळीच. शंभर रोपं हवी असतील तर कोणाच्या बेटातनं काढणार? काठीच्या तुकड्यांपासून रोपं करायच्या पद्धतीने ही गाठ सोडवली, आणि ही पद्धत तिथे शिकून कोणीही घरच्या परसात करू शकतो.

काठी दोन वर्षांची घ्यायची. वय ओळखायचं असं, यंदाच्या काठीवर पांढरट भुकटी आणि पेरावर सुकलेला पापुद्रा अजून चिकटलेला असतो, दोन वर्षांची गडद हिरवी, फांद्या धरलेली, आणि तीनच्या पुढची निस्तेज पिवळट, अंगावर बुरशीसारखे पांढरे डाग, बोटाने वाजवली तर टणटण वाजते. मार्च-एप्रिलमध्ये दोन वर्षांची काठी कापायची, दोन-दोन पेरांचे म्हणजे दोन गाठी येतील असे तुकडे करायचे, गाठीच्या दोन्ही बाजूला दोन-दोन इंच सोडून. करवतीने कापा, कोयत्याने फाटतं. फांद्या इंच-दोन इंच ठेवून छाटा पण गाठीवरचा डोळा सांभाळा, तो गेला की तुकडा म्हणजे सरपण. सावलीत वाफा करा, माती, रेती आणि कुजलेलं शेणखत, त्यात तुकडे आडवे झोपवायचे, डोळे दोन बाजूंना येतील असे, वर इंचभर माती आणि त्यावर पेंढा. रुजवण वाढवायला मुळांचं संजीवक लावतात, ते कुठलं आणि किती ते तिथे विचारूनच घ्या, अंदाजाने करू नका. पाणी रोज, पण चिखल नको.

आणि इथेच सगळे चुकतात, मी पण चुकलो. पंधरा-वीस दिवसांत गाठीवर हिरवे कोंब येतात, चांगले वीतभर होतात, माणूस खूश होऊन लगेच उपटून पिशवीत भरतो. अहो, खाली मूळच आलेलं नसतं, कोंब काठीतल्या साठ्यावर वाढलेला असतो. मूळ धरायला त्याच्यापुढे दोन-अडीच महिने जातात. मी पहिल्या वर्षी साठ तुकडे लावले, मे महिन्यात पिशव्या भरल्या, जुलैला त्यातले नऊ जिवंत. दुसऱ्या वर्षी हात बांधून बसलो, ऑगस्टमध्ये काढले, तेव्हा तीसच्या वर रोपं मिळाली. ती वर्षभर पिशवीत ठेवून पुढच्या जूनला लावली.

मधल्या काळात शहाणपणा करून मी एका खाजगी नर्सरीतनं माणगा म्हणून रोपं आणली होती. तीन वर्षांनी कळलं की तो माणगा नाहीच, पोकळ काठीचा भलताच बांबू. लहान रोपात ओळखता येत नाही हो, म्हणून रोप कुठल्या बेटातलं हे विचारा, बेट दाखवा म्हणा, दाखवत नसेल तर निघा. टिश्यू कल्चरची रोपं सरकारी योजनेत मिळतात, राज्याची अटल बांबू समृद्धी योजना २०१९ पासून आहे, ती वाईट नाहीत, पण त्यात जाड जातीचे बांबू जास्त असतात, आपल्या उथळ जांभ्या मातीत कुठला टिकेल ते विचारूनच निवडा. अर्ज करताना जातीच्या रकान्यात ऑपरेटर जे टाकेल ते टाकू देऊ नका.

लावताना खड्डा दोन फूट बाय दोन फूट बाय दोन फूट, मे महिन्यात खणून तापू द्यायचा. चार मीटरवर लावले तर एकरी अडीचशेच्या आसपास बसतात, पाच मीटरवर एकशेसाठ. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी एकरभर लावूच नका, गडग्याच्या कडेने एक ओळ लावा आणि तीन वर्षं बघा. आंब्याच्या कलमापासून पंधरा फूट तरी लांब. पाणी साचतं तिथे नको, उघड्या कातळावर तर नकोच. पावसाळ्यात कोंब आले की साळिंदर आणि रानडुक्कर आधी पोचतात, काटेरी कुंपण त्यांच्यासाठी, गुरांसाठी नाही.

तोड चौथ्या-पाचव्या वर्षापासून. तीन वर्षांच्या पुढच्याच काठ्या काढायच्या, पावसात कधीच नाही, पाऊस संपला की ऑक्टोबर ते फेब्रुवारी. जमिनीवरच्या पहिल्या गाठीच्या लगेच वर कापा म्हणजे पेला राहत नाही, पेल्यात पाणी राहतं आणि बुड कुजतं. बेटात घोड्याच्या नालासारखी वाट ठेवून आतल्या जुन्या काठ्या काढायच्या, बाहेरच्या कोवळ्या सोडायच्या. सगळे उलटं करतात कारण बाहेरच्या हाताला लागतात. तात्या म्हणतात अंधाऱ्या पक्षात तोडा, भुंगा लागत नाही. चंद्राचं मला माहीत नाही, पण भुंगा काठीतल्या पिठावर जगतो आणि थंडीत पीठ कमी असतं एवढं खरं, आणि तोडलेली काठी दोन-तीन आठवडे पर्यात बुडवून ठेवली तर आणखी पीठ जातं, ही तर आपल्या आज्यांची रीत. बांबूला वाहतूक पास पाहिजे म्हणून अजून कोणी घाबरवत असेल तर सांगा की २०१७ च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतनं बांबू काढला, खाजगी जमिनीतला बांबू आता त्यात येत नाही.

बाकी झाडांचं मात्र तसं नाही. खैर, साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीतली, आपल्या जमिनीतली असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी आणि मग वाहतूक परवाना. अर्ज स्वतःच्या नावाने स्वतः करा. ठेकेदार म्हणतो "कागदाचं मी बघतो, तुम्ही फक्त सही करा", आणि मग दहा झाडांची परवानगी घेऊन चाळीस झाडं जातात, आणि नोटीस येते ती जमीनमालकाला. झाडांवर नंबर घालताना स्वतः हजर राहा, नंबराचा फोटो काढून ठेवा.

आता भाताच्या राबाचं, म्हणजे रोपं करायची जागा पाला जाळून भाजण्याचं. दरवर्षी ही रोपांची जागा, म्हणजे दाढ, भाजायला ऐनाचा कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडायचा, झाडं बोडकी करायची, हे आपण करतच आलो. विद्यापीठ किती वर्षं सांगतंय की बांधावर गिरिपुष्प लावा, आपली उंदीरमारी हो. तिची चार फुटी फांदी जूनमध्ये बांधात खोचली की लागते, पुढे लावणीच्या आधी पाला कापून चिखलणीत टाकायचा, मऊ असल्याने लवकर कुजतो. मी अर्ध्या शेतात राब, अर्ध्यात हे असं करून बघितलं, आणि खरं सांगायचं तर दाढीपुरती भाजवळ अजून पूर्ण सोडलेली नाही, तण जळतं हा फायदा पाल्यात नाही. पण ऐनाला हात लावणं तीन वर्षं बंद आहे आणि फरक लांबून दिसतो.

वणव्याचं एकच, जानेवारी संपायच्या आत डागाच्या भोवती दहा फुटाचा पट्टा गवत कापून, झाडून साफ. जाळरेषा म्हणतात त्याला. नव्या लागवडीचं वाटोळं होतं ते बहुतेक रोगाने नाही, शेजाऱ्याच्या काडीने.

घरात बारावी सायन्सचं कोणी असेल तर तेही सांगून टाकतो, चार वर्षांची पदवी आहे, प्रवेश सीईटीवर, शेतकी पदव्यांच्याच प्रक्रियेतनं. डोंगर चढायचा कंटाळा असेल तर घालू नका.

जायचं कधी म्हणाल तर रोपं हवी असतील तर मार्च-एप्रिलमध्ये चौकशी करून ठेवा, जूनच्या पहिल्या पावसाला सगळं कोकण एकाच दिवशी जागं होतं आणि हवं ते रोप संपलेलं असतं. नुसतं शिकायचं असेल तर सुगी आटपल्यावर जा. आणि पानं ओळखायला न्यायची तर वर्तमानपत्रात दाबून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत घातली की खेड येईपर्यंतच काळी पडतात.